आरती राहू द्या, आधी ब्लॉक कापा

कामगाराला कामात समाधान मिळावं म्हणून कारखान्यात अध्यात्म आणायचं ठरलं की आपल्याकडं आधी स्पीकर येतो. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. आधीच्या कारखान्यात सकाळच्या आरतीला हजेरी मीच सक्तीची केली होती. आठवड्याभरात कोअर शॉपमधला एक मुसलमान पोरगा नेमका त्याच वेळी पाणी प्यायला जायला लागला. मला समजायला महिना लागला. मग सक्ती मीच काढली.

आता मी सुरुवात कोअर शॉपपासूनच करतो. तुम्हीही तिथनंच करा. तिथं वाळूचा कोअर, म्हणजे हव्या त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा ठोकळा, बनवतात. तो साच्यात बसवतात, तेराशे-चौदाशे अंशांचा लोखंडाचा रस त्याच्याभोवती ओततात आणि नॉकआउटला, म्हणजे साचा फोडताना, कोअर फुटून परत वाळू होतो. उरते ती पोकळी. इंजिन ब्लॉकमध्ये पाणी खेळतं ती जागा म्हणजे कोअर करणाऱ्या माणसाचं काम, आणि ते त्याला जन्मात दिसत नाही! म्हणून रिजेक्शनमधला एक ब्लॉक बँडसॉवर उभा कापून घ्या. कडांना ग्राइंडर मारा, नाहीतर हात कापतो. जेवणाच्या सुट्टीत नको, कामाच्या वेळेतली पंधरा मिनिटं द्या. भाषण करू नका. पोकळीत बोट घालून बघू दे. आमच्याकडं कोअरचे भाग पेस्टनं जोडणाऱ्या एक मावशी बराच वेळ बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यो जोड माझाच हाय की. पेस्ट जादा झालीया हितं."

मिलिमन नावाच्या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या अध्यात्मावर अभ्यास केला, तेव्हा तीन गोष्टी धरल्या होत्या: कामाला अर्थ वाटणं, सोबतच्यांशी जिव्हाळा आणि कंपनीची मूल्यं आपलीशी वाटणं. पूजाअर्चा त्यात कुठंच नाही.

मूल्यांचं म्हणाल, तर ओव्हरटाइम दुप्पट दरानं आणि वेळेवर द्या. तो थकवून ध्यानाचा वर्ग लावलात तर माणसं डोळे मिटून हिशेबच करतील.

जिव्हाळ्याला सुट्ट्यांचा तक्ता फार उपयोगी पडतो. चैत्र पौर्णिमेला निम्मं खातं जोतिबाला, वाडी रत्नागिरीला जाणार, हे काय नवीन आहे? तरी दरवर्षी आदल्या दिवशी भांडणं. पाडव्यालाच तक्ता लावा, अदलाबदल त्यांची त्यांना ठरवू दे. रमजानच्या शिफ्टही त्याच कागदावर. आमच्याकडं यात्रेला गेलेल्यांची पाळी जे करतात, त्यांना रोजे सोडायच्या वेळी यात्रेला जाणारे मोकळं करतात.

खंडेनवमीला मात्र पूजा होऊ दे. ज्याचं मशीन त्यानं धुवायचं, झेंडू बांधायचा, नको असेल त्यानं नुसतं धुवायचं. नारळ मालकाच्या हातात देऊ नका, खात्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाला फोडू दे.

आणि तो कापलेला ब्लॉक ऑफिसच्या शोकेसमध्ये नेऊ नका, कोअर शॉपच्या टेबलावरच ठेवा. वर खडूनं ‘भंगार नव्हे’ लिहा. आमचा पहिला भट्टीत गेला.