स्पेसपोर्ट उभारायचा तर: आधी कक्षा, मग गिऱ्हाईक, शेवटी काँक्रीट

आपल्या भागातून रॉकेट उडालं की रोजगार येईल, हॉटेलं भरतील, शिकलेली पोरं गावाकडे परततील, या आशेवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरेच व्यावसायिक स्पेसपोर्ट उभे राहिले. काहींनी त्या भागाला खरोखर हात दिला, काहींच्या धावपट्ट्या वर्षानुवर्षं मोकळ्या पडल्या. हा फरक बहुतेक ठिकाणी काँक्रीट ओतण्याआधीच ठरून गेला होता. म्हणून इथे बांधकामाइतकीच जागा त्याआधीच्या कामाला दिली आहे.

कक्षा ठरल्याशिवाय जागा बघू नका

पहिला प्रश्न ‘जमीन कुठे मिळेल’ हा नाही. ‘इथून कोणत्या कक्षेत काय पाठवायचं आहे’ हा आहे. दळणवळण उपग्रहांना पूर्वेकडे सोडायचं असतं, कारण पृथ्वीच्या फिरण्याचा वेग फुकटात मिळतो. विषुववृत्तावर तो सेकंदाला सुमारे ४६५ मीटर आहे. पृथ्वीची छायाचित्रं घेणारे छोटे उपग्रह मात्र ध्रुवीय कक्षेत जातात. त्यांना हा वेग उपयोगाचा नाही, उलट थोडा मारावा लागतो. त्यामुळे ‘आमचं गाव विषुववृत्ताजवळ आहे’ एवढ्यावर ध्रुवीय प्रक्षेपणांचा तळ ठरत नाही.

तमिळनाडूतल्या तूत्तुकुडी जिल्ह्यातलं कुलशेखरपट्टिणम, म्हणजे इस्रोच्या नव्या प्रक्षेपण तळाची जागा, हे याचं चांगलं उदाहरण. श्रीहरिकोट्याच्या तुलनेत तिथे फिरण्याचा वेग सेकंदाला जेमतेम आठ मीटरने जास्त मिळतो. ती जागा निवडण्याचं खरं कारण श्रीलंका आहे. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेसाठी थेट दक्षिणेला सोडलं तर श्रीलंका आडवी येते, म्हणून रॉकेट आधी आग्नेयेला नेऊन मग हवेतच वळवावं लागतं. पीएसएलव्हीसारखं मोठं रॉकेट हा वळसा पचवतं. पण इस्रोचं छोटं रॉकेट एसएसएलव्ही ५०० किलोमीटरच्या कक्षेत ५०० किलोच नेतं, त्याच्या क्षमतेचा मोठा लचका वळणातच जातो. कुलशेखरपट्टिणमहून दक्षिणेला थेट अंटार्क्टिकापर्यंत पाणीच पाणी आहे.

तुमच्या जागेची हीच परीक्षा घ्या. नकाशावर जागेवरून उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने साधारण १९० अंशांवर रेघ ओढा. सूर्यस्थिर कक्षेसाठी (ध्रुवीय कक्षेचाच एक प्रकार, ज्यात उपग्रह एखाद्या ठिकाणावरून नेहमी त्याच स्थानिक वेळेला जातो) दक्षिणेकडे जाणारं रॉकेट ढोबळमानाने याच वाटेने जातं. रेघेच्या दोन्ही बाजूंना रुंद पट्टा धरा आणि त्यात कोणती बेटं, तेलविहिरी, जहाजमार्ग आणि विमानमार्ग येतात ते टिपा. कोकणाबद्दल हा प्रश्न वारंवार निघतो, म्हणून सांगून टाकू: रत्नागिरीहून पूर्वेला सोडलं तर खाली सगळा देश येतो आणि दक्षिणेला सोडलं तर लक्षद्वीपची बेटं वाटेत येतात. किनारा लांब आहे, पण दिशा चुकीची आहे.

पट्टा मोकळा दिसला तरी धोक्याचं गणित करावंच लागतं. अमेरिकी नियमांत एका प्रक्षेपणातून सर्वसामान्य जनतेपैकी कोणी जखमी किंवा मृत होण्याची अपेक्षित संख्या दहा हजारांत एक यापेक्षा जास्त चालत नाही आणि कोणा एका व्यक्तीचा धोका दहा लाखांत एकाच्या वर जाऊ द्यायचा नसतो. हे गणित जमीन घेण्याआधी करून घ्या. नंतर केलं आणि आकडा वर गेला, तर ज्या दिशा विकायच्या होत्या त्याच बंद होतात.

जमीन आणि माणसं

कुलशेखरपट्टिणमला २,२०० एकरांहून जास्त जमीन लागली. त्यातली फार थोडी प्रत्यक्ष तळाखाली जाते, बाकीची सुरक्षित अंतरासाठी मोकळी ठेवायची असते. त्या मोकळ्या जमिनीवरून जुने रस्ते, गुरांच्या वाटा, देवस्थानं आणि बोटी ओढायच्या जागा गेलेल्या असतात. नकाशावर त्या दिसत नाहीत. तलाठ्याचा नकाशा आणि गावातली दोन जुनी माणसं सोबत घेऊन पट्टा पायी फिरा आणि प्रत्येक वाटेचा पर्याय लेखी द्या.

ब्राझीलच्या अल्कान्तारात १९८०च्या दशकात ३१२ कुटुंबं उठवून आत वसवली गेली. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या वंशजांची ती गावं मासेमारीवर जगणारी होती आणि नव्या वस्त्या समुद्रापासून लांब होत्या. प्रकरण आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं, २०२३ साली ब्राझील सरकारने जाहीर माफी मागितली. विषुववृत्तापासून अडीच अंशांवरच्या या उत्तम जागेवरचा विस्तार मधली कित्येक वर्षं जमिनीच्या वादात अडकून राहिला. न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावर रॉकेट लॅब या छोटी रॉकेटं उडवणाऱ्या कंपनीने दुसरा रस्ता धरला: माओरी जमीनमालकांच्या संस्थेकडून जागा भाड्याने घेतली. २०१७ साली तिथून पहिलं उड्डाण झालं. मालकी गावाकडे राहिली की भाडं पिढ्यानपिढ्या गावात येतं. जिथे कायदा परवानगी देतो तिथे निदान बाहेरच्या सुरक्षा पट्ट्यासाठी तरी भाडेकरारच करावा, असं आमचं ठाम मत आहे.

मच्छीमारांचा प्रश्न जमिनीपेक्षा जास्त काळ चालतो. प्रत्येक प्रक्षेपणाला समुद्र बंद करावा लागतो आणि हवामानामुळे उड्डाण पुढे ढकललं की तोच समुद्र दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. भरपाई ‘प्रत्येक प्रक्षेपणाला’ अशी लिहिली तर रद्द झालेल्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत आणि भांडण तिथूनच पेटतं. करारात ‘समुद्र बंद राहिलेला प्रत्येक दिवस’ असे शब्द हवेत आणि पैसे अर्जाविना खात्यात जमा व्हायला हवेत. तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. जितकी उड्डाणं या काळात बसतील तितकी बसवा, पण छोट्या पारंपरिक नावा तेव्हाही पाण्यात असतात हे विसरू नका.

गिऱ्हाईक: एकावर विसंबू नका

न्यू मेक्सिको या अमेरिकी राज्यातला ‘स्पेसपोर्ट अमेरिका’ हा तळ नीट अभ्यासण्यासारखा आहे. जागा उत्तम: १८,००० एकर वाळवंट, शेजारी व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र क्षेत्राचं प्रतिबंधित आकाश, १२,००० फुटांची धावपट्टी. खर्च सुमारे २२ कोटी डॉलर. त्यातला एक भाग दोन्या आना आणि सिएरा या काउंट्यांच्या लोकांनी मतदानाने स्वतःवर विक्रीकर लावून घेऊन उभा केला. प्रवाशांना अवकाशाची सफर घडवणाऱ्या व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीशी बोलणी ठरली २००५ साली आणि तिथून पहिलं व्यावसायिक प्रवासी उड्डाण झालं जून २०२३ मध्ये. मधल्या काळात, २०१४ साली, कंपनीचं यान चाचणीत कोसळलं. जून २०२४ नंतर नवी यानं तयार होईपर्यंत उड्डाणं थांबवली गेली. कर मात्र लोक पहिल्यापासून भरत होते.

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये धक्का याहून झटकन बसला. ९ जानेवारी २०२३ ला व्हर्जिन ऑर्बिट कंपनीचं, विमानातून सोडलेलं रॉकेट इंधनाचा एक फिल्टर जागेवरून सुटल्यामुळे निकामी झालं, नऊ उपग्रह गेले आणि एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पण तिथे मुळातला विमानतळ चालू होता, त्यामुळे धावपट्टीवरचा खर्च वाया गेला नाही. आडवं, म्हणजे विमानासारखं धावपट्टीवरून उड्डाण करणारं गिऱ्हाईक असेल तर नवी धावपट्टी बांधू नका, असलेली वापरा.

करारात चार गोष्टी नक्की हव्यात: उड्डाण होवो न होवो, भरायचं किमान वार्षिक भाडं, ठरलेल्या मुदतीत उड्डाण न झाल्यास जागा दुसऱ्याला देण्याचा हक्क, गिऱ्हाइकाने बांधलेल्या इमारतींची मालकी शेवटी कोणाची, आणि तळाचं नुकसान झाल्यास दुरुस्ती कोण करणार. ही शेवटची बाब हमखास राहून जाते. व्हर्जिनियातल्या वॉलॉप्सला २८ ऑक्टोबर २०१४ रोजी अँटारेस रॉकेट उडताच तळाजवळ कोसळलं. दुरुस्तीला सुमारे दीड कोटी डॉलर आणि जवळपास वर्ष लागलं आणि तो भार राज्याची संस्था, कंपनी आणि केंद्र सरकार यांना मिळून उचलावा लागला. विमा तिसऱ्या पक्षाचा आहे की तळाचाही आहे, हे पॉलिसी उघडून वाचा.

भाड्याचा हिशेब साधा आहे. कुलशेखरपट्टिणमचा जाहीर खर्च ९८६ कोटी रुपये, क्षमता वर्षाला २४ प्रक्षेपणांची. व्याज, पगार, देखभाल सगळं बाजूला ठेवून फक्त बांधकाम वीस वर्षांत वसूल करायचं म्हटलं तर वर्षाला ४९ कोटी निघाले पाहिजेत. २४ उड्डाणं झाली तर प्रत्येकावर दोन कोटी, चारच झाली तर बारा कोटी. छोट्या रॉकेटच्या कंपनीला बारा कोटींचं तळभाडं परवडत नाही. प्रकल्प अहवालात पहिल्या पाच वर्षांसाठी क्षमतेच्या एक-षष्ठांश उड्डाणं धरा. तरीही गणित उभं राहत असेल तरच पुढे जा.

तळाचं बांधकाम

सगळ्यांत जास्त झिजतो तो ज्वालामार्ग, म्हणजे इंजिनाची ज्वाला बाजूला वळवणारा उतार आणि चर. साध्या काँक्रीटमध्ये अडकलेल्या पाण्याची ज्वालेने क्षणात वाफ होते आणि पृष्ठभागाचे तुकडे गोळीसारखे उडतात. म्हणून तिथे कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंटचं उष्णतारोधक काँक्रीट किंवा पाण्याने थंड होणारं पोलाद वापरतात. टेक्सासच्या बोका चिकात २० एप्रिल २०२३ ला ३३ इंजिनांचं स्टारशिप ज्वालामार्गाशिवाय उडवलं गेलं. तळाखाली खड्डा पडला, काँक्रीटचे तुकडे दूरवर फेकले गेले आणि त्यानंतर तिथे पाणी फवारणारा पोलादी पाट बसवावा लागला.

पाणी आगीपेक्षा आवाजासाठी जास्त लागतं. इंजिनाच्या आवाजाच्या लाटा जमिनीवरून परत येऊन उपग्रहाला हादरे देतात, पाण्याचे थेंब ती ऊर्जा शोषतात. स्पेस शटलच्या तळावर सुमारे ११ लाख लिटर पाणी मिनिटाच्या आत सोडलं जायचं. छोट्या रॉकेटला याचा लहानसा भाग पुरतो, पण ते उंच टाकीतून गुरुत्वाकर्षणाने येऊ द्या. ऐन क्षणी पंप बंद पडला तर उपग्रह जातो. घन इंधन असेल तर धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, त्याचं या पाण्यात आम्ल होतं. ते शेतात किंवा खाडीत सोडता येत नाही, म्हणून अस्तर लावलेलं साठवण तळं आणि उदासिनीकरणाची सोय पहिल्या आराखड्यातच हवी. हेच आम्ल आणि समुद्राची खारी हवा मिळून ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पाइपांना बारीक छिद्रं पाडतात. किनाऱ्यावर निदान ३१६ एल घ्या. सुरुवातीचा जादा खर्च देखभालीत निघतो.

द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर ठेवतात. एक लिटर द्रवाचा साधारण ८६० लिटर वायू होतो, त्यामुळे दोन झडपांच्या मधला प्रत्येक तुकडा सुरक्षा झडपेने मोकळा ठेवावा लागतो. एकही तुकडा बंद राहिला तर पाइप फुटतो. पाइपात तेलाचा, ग्रीसचा अंश राहिला तरी पेट घेऊ शकतो, म्हणून जोडणीआधी धुऊन, तपासून, टोकं बंद करून मगच माल उतरवून घ्या. साठा निदान दोन पूर्ण भरण्यांचा ठेवा: शेवटच्या मिनिटाला उड्डाण रद्द झालं की टाकी रिकामी करावी लागते आणि बराच ऑक्सिजन उडून जातो.

बाकी यादी ओळखीची आहे: विजेपासून संरक्षणाचे मनोरे, जोडणीसाठी स्वच्छ कक्ष, रडार, दूरमापनाच्या अँटेना, उड्डाण थांबवण्याची स्वतंत्र यंत्रणा. घन इंधनाच्या मोटारी रस्त्याने येणार असतील तर वाटेतल्या प्रत्येक पुलाची वहनक्षमता आणि प्रत्येक वळणाची त्रिज्या आधी मोजा.

भारतात परवानगी इन-स्पेस या केंद्राच्या अवकाश परवाना संस्थेकडून घ्यायची. शिवाय खासगी कंपनीला स्फोटकं आणि क्रायोजेनिक (अतिथंड द्रवांच्या) टाक्यांसाठी पेसो या केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संस्थेचा परवाना लागतो, त्याचं मुख्यालय नागपुरात आहे. प्रक्षेपक आणि स्पेसपोर्टमध्ये ४९ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणूक आपोआप मार्गाने चालते, त्यापुढे सरकारची मंजुरी लागते. १९७२च्या आंतरराष्ट्रीय अवकाश दायित्व करारानुसार दुसऱ्या देशाच्या जमिनीवरच्या नुकसानीची जबाबदारी शेवटी प्रक्षेपण करणाऱ्या देशावर येते, म्हणून सरकार विम्याबाबत कडक राहणारच.

पैसा जिल्ह्यात कसा राहील

प्रक्षेपण तळाला दैनंदिन कामासाठी फार माणसं लागत नाहीत आणि उड्डाणाचे पाहुणे दोन दिवसांत निघून जातात. पगार खरे मिळतात ते बनवण्याच्या आणि तपासण्याच्या कामात, आणि ते काम तळाजवळच असेल असं नाही. इस्रोच्या रॉकेटांचे भाग पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला आणि मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतात. उडतात ती हजारेक किलोमीटरवरच्या श्रीहरिकोट्याहून. म्हणूनच तमिळनाडूची टिडको ही औद्योगिक विकास संस्था कुलशेखरपट्टिणमजवळ अवकाश उद्योगांसाठी वसाहत उभारायला निघाली आहे आणि ते योग्य आहे. इंजिन चाचणीचं महेंद्रगिरी शेजारच्या तिरुनेलवेलीत आहे, म्हणजे वेल्डर, क्रायोजेनिक तंत्रज्ञ, उपकरण दुरुस्त करणारे यांची एक पिढी तिथे आधीच तयार आहे.

हे बघितलं नाही तर काय होतं ते दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाने दाखवलं. कुरूसारखा युरोपचा, जगातला नावाजलेला तळ असूनही आसपास बेरोजगारी होती, दवाखाने अपुरे होते. मार्च २०१७ मध्ये लोकांनी रस्ते अडवले. २१ मार्चला उडायचं एरियान ५ रॉकेट शेवटी ४ मेला उडालं.

न्यू मेक्सिकोने करातला एक भाग शाळांसाठी बाजूला काढला, तशी तरतूद तळभाड्यातूनही करता येते. आयटीआयमध्ये ऑर्बिटल वेल्डिंग (पाइपाभोवती यंत्र फिरवून केलेलं जोडकाम), स्वच्छ कक्षातलं काम आणि गळती तपासणी हे अभ्यासक्रम तळाच्या दोन वर्षं आधी सुरू करा, कारण पहिली भरती बाहेरून झाली की पुढच्या जागाही ओळखीने बाहेरच्यांनाच जातात. आणि तळ चालवणाऱ्या संस्थेवर अट घाला: खर्चातला किती पैसा जिल्ह्यातल्या पुरवठादारांकडे गेला ते दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करायचं. त्यात सुरक्षारक्षक, खानावळ आणि साफसफाईचा आकडा वेगळा दाखवायचा, कुशल तांत्रिक कामाचा वेगळा.