बँड आला नाही, दोष प्रायमरला

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी वाटाण्याच्या मुळांवरच्या गाठींतून काढलेल्या रायझोबियमवर (हवेतला नायट्रोजन बांधून झाडाला देणारा बॅक्टेरिया) त्याच कामाच्या निफ-एच जीनची पीसीआर, म्हणजे डीएनएतला तो तुकडा शोधून वाढवायची चाचणी, लावत होते. 16एस या सगळ्याच बॅक्टेरियांत असणाऱ्या जीनचा बँड (जेलवरची रेघ) ठसठशीत, निफ-एचची लेन मात्र कोरी. प्रायमर (जीन शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलले, तापमान खालीवर केलं, डीएनए पुन्हा काढला. दोन महिने असेच गेले. मग गाईड मॅडमनी विचारलं, “ही प्लेट कितवं सबकल्चर?” मोजलं तर चौदावं, म्हणजे एका प्लेटवरून दुसरीवर असं चौदा वेळा लावलेलं.

नशीब, एका सीनियरने पहिल्याच आठवड्यात एक ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये गोठवलेलं मूळ कल्चर) उणे 80 अंशांना टाकून ठेवला होता. नायट्रोजनविरहित माध्यमात वाटाण्याची रोपं लावून दोन्ही कल्चर दिली. चार आठवड्यांनी स्टॉकमधलं जुनं कल्चर दिलेल्या रोपांच्या मुळांवर गाठी होत्या. ब्लेडने कापल्या तर आत गुलाबी, म्हणजे लेगहिमोग्लोबिन, गाठ काम करत असल्याची खूण. माझ्या कल्चरच्या रोपांना एकही गाठ नाही, पानं पिवळी.

या जातीत निफ आणि गाठी घडवणारा नॉड हे दोन्ही जीनसमूह मोठ्या ‘सिम’ प्लास्मिडवर, म्हणजे क्रोमोसोमबाहेरच्या वेगळ्या डीएनएवर, असतात. प्लेटवर आयतं खायला मिळत असताना बॅक्टेरियाला त्याची गरज पडत नाही, त्यामुळे ते कधीकधी गळून जातं. इन्क्युबेटर जास्त गरम असला तर हा धोका वाढतो, आणि आमचा तसाच होता. 16एस क्रोमोसोमवर असल्यामुळे ते शाबूत राहिलं. शेजारच्या टेबलावर सोयाबीनच्या ब्रॅडीरायझोबियमवर काम चालायचं. त्याचे हे जीन क्रोमोसोमवरच असतात, त्यामुळे तिथे ही भानगड नाही. फक्त वसाहती दिसायला आठवडा थांबायचं.

तेव्हा कल्चर शुद्ध झालं की त्याच दिवशी स्टॉक करा, 28 अंशांवर वाढवा आणि अधूनमधून झाडावर तपासा. काँगो रेड हा रंग घातलेल्या प्लेटवर पांढरी वसाहत दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, तिचा निफशी काही संबंध नाही. आणि बँड आला तरी जीन आहे एवढंच कळतं, तो काम करतो की नाही ते नाही. वाचायला सुरुवात क्लेब्सिएला या नायट्रोजन बांधणाऱ्या बॅक्टेरियापासून करा. तिचे वीसेक निफ जीन एका ओळीत आहेत, 1972 साली ते ई. कोलायमध्येही नेले गेले. बहुतेक रायझोबियमांकडे मात्र होमोसिट्रेट बनवणारा निफ-व्ही नसतो. नायट्रोजन बांधणाऱ्या एन्झाइमला लागणारं हे होमोसिट्रेट झाडाकडून मिळतं. म्हणून ॲसिटिलीनची चाचणी (नायट्रोजन बांधणारं एन्झाइम काम करतंय का ते पाहणारी) फ्लास्कमधल्या कल्चरवर लावून निराश होऊ नका. गाठींवरच लावा, त्याही मुळासकट. खुडलेल्या गाठी लवकर मंदावतात.