सॅल्व्हेज टायटलची मियाटा: डावीकडे ओढणं कसं थांबलं

अमेरिकेत विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही अशी, ठरवलेल्या गाडीच्या मालकीपत्रावर (टायटल) सॅल्व्हेज असा शेरा येतो. ती दुरुस्त होऊन राज्याच्या तपासणीतून गेली की तिला रिबिल्ट टायटल मिळतं. अनेक राज्यांत ही तपासणी मुख्यतः चोरीचे पार्ट शोधते. गाडी सरळ चालते का, हे आपणच बघायचं.

अशाच एका जुन्या माझदा मियाटाचं, म्हणजे एनए-एनबी या पहिल्या दोन पिढ्यांतल्या गाडीचं, स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं. आधी पुढचे टायर डावे-उजवे बदलले. ओढण्याची दिशा बदलली असती तर दोष टायरचा. ती बदलली नाही. मग स्टिअरिंग सरळ ठेवून, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मध्यातून ओळंबा सोडून दोन्ही बाजूंचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर, मोजला. असायला हवा २२६५ मिमी, डावीकडे ११ मिमी कमी भरला. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकला होता, आणि ते झाकायला एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवून चाकाचा कोन जुळवायचा बोल्ट) पार टोकापर्यंत फिरवलेला. चाक मागे सरकलं की कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि गाडी त्याच बाजूला जाते.

आर्म बदलला. त्याचे बोल्ट बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबराच्या) नळीत गंजून बसले होते. रात्रभर तेल सोडूनही हलले नाहीत, शेवटी कापले. नवे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच घट्ट करा, नाहीतर बुश पिळून लवकर फाटतात. मग चारही चाकांचं अलाइनमेंट.

आर्म बदलूनही माप जुळलं नाही, तर सबफ्रेम (आर्म ज्याला जोडलेले असतात तो सांगाडा) किंवा बॉडीच वाकलेली असू शकते. अशी गाडी विकत घेण्याआधीच मोजलेली बरी. ओळंबा आणि खडू, एवढाच खर्च.

इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा दिवा लागलाच नाही, तर दोष लपवायला तो बंद केलेला असू शकतो; खुशाल परत फिरा.