कोलोनोस्कोपी ठरली आहे? आदली रात्र कशी निभवायची

कोलोनोस्कोपीची, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघण्याच्या तपासणीची, तारीख ठरली की घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळे एकच सांगतात: घाबरू नकोस, पॉझिटिव्ह राहा. राहायचं कसं, हे कुणीच सांगत नाही. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होण्याचा जुनाट आजार. हा आजार सुरू होऊन आठेक वर्षं झाली की कॅन्सरवर लक्ष ठेवण्यासाठी मोठ्या आतड्याची ही तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते. त्यामुळे मी त्या टेबलावर बऱ्याचदा झोपले आहे आणि असल्या सल्ल्यांचा मला मनापासून कंटाळा आला आहे. मन घट्ट करून भीती जात नाही. पुढे काय होणार, कोणत्या क्रमाने होणार आणि त्या वेळी आपण नेमकं काय करायचं, हे माहीत असलं की मन आपोआप ताळ्यावर राहतं.

तारीख मिळाल्यावर

डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘मला भीती वाटते.’ यात लाजण्यासारखं काही नाही. मग विचारा: भूल किंवा गुंगीचं इंजेक्शन देणार का? ते कोण देणार? दुखलं आणि मी ‘थांबा’ म्हटलं, तर थांबणार का? काही ठिकाणी गुंगी न देता किंवा अगदी हलकी देऊन तपासणी करतात, ते टेबलावर झोपल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्याच भेटीत विचारून घ्या. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तोही सांगा, कारण पोट साफ करायचं कोणतं औषध द्यायचं हे त्यावर ठरतं. गुंगी मिळणार असेल तर घरी नेणारं माणूस आधीच पक्कं करा. त्या दिवशी स्वतः गाडी चालवायची नाही.

खाणं

दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, कडधान्यं, भाकरी, पेरू, टोमॅटो, तीळ, शेंगदाणे बंद. पांढरा भात, दही, सालं काढलेला उकडलेला बटाटा, ब्रेड चालतो.

आदल्या दिवशी फक्त पातळ आणि गाळलेलं: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, भाताच्या पेजेचं वरचं पाणी. आपल्याकडे एक गडबड हमखास होते. ‘उपाशी राहा’ म्हटलं की घरात साबुदाण्याची खिचडी होते, वर दाण्याचं कूट. हा एकादशीचा उपास नाही. साबुदाणा, वरई, राजगिरा, दाणे यातलं काहीही नको. कोकम किंवा गुलाबाचं सरबतही नको, तो लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसू शकतो.

औषध पिणं: खरा डोंगर हाच

लोक दुर्बिणीला घाबरतात. माझी दमछाक मात्र कायम आदल्या रात्री व्हायची, पोट साफ करायची ती पावडर दोन लिटर पाण्यात कालवून पिताना. आजारी माणसाचा धीर इथेच सुटतो, म्हणून हे सविस्तर सांगते.

ही पावडर काय करते ते आधी समजून घ्या. बहुतेकांना मिळते ती पॉलिइथिलीन ग्लायकॉलची. ती अंगात जवळजवळ शोषली जात नाही. पाणी आतड्यात धरून ठेवते आणि ते पाणी सगळं धुऊन बाहेर काढतं. तिच्यातले क्षार शरीरातल्या क्षारांचा तोल सांभाळतात. म्हणजे संडासवाटे जे पाणी जातं ते बहुतांशी आपण प्यालेलंच असतं, आपला जीव जात नसतो. सातव्या-आठव्या फेरीला हातपाय गळाल्यासारखे वाटतात, तेव्हा हे आठवायचं. पाणी कमी घेऊन औषध दाट करू नका आणि चवीसाठी मनाने त्यात काही मिसळू नका.

औषध दुपारीच कालवून फ्रिजमध्ये ठेवा. गार असलं की खारट चव बरीच दबते. स्ट्रॉने प्या, स्ट्रॉचं टोक जिभेवर मागच्या बाजूला ठेवा. प्रत्येक ग्लासानंतर लिंबाची फोड चोखा. गार पाणी इतकं पोटात गेलं की हुडहुडी भरते, म्हणून शाल जवळ असू द्या. पिण्याआधीच गुदद्वाराला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा, आग सुरू झाल्यावर लावून फारसा उपयोग होत नाही. जेट स्प्रे नको, मगभर कोमट पाणी घ्या आणि मऊ कापडाने टिपा, पुसू नका. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल तर बादल्या आधी भरून ठेवा. त्या रात्री एक बाथरूम फक्त तुमचं, हे घरात सगळ्यांना सांगून टाका.

पहिले दोन ग्लास जातात. तिसऱ्या-चौथ्याला पोट टम्म होतं, मळमळतं आणि मन म्हणतं, बस झालं, एवढं पुरे. ते बोलणं बिलकुल ऐकू नका. पोट नीट साफ झालं नाही तर डॉक्टरांना आत दिसत नाही आणि हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागू शकतं. मळमळलं तर अर्धा तास थांबा, घरातल्या घरात चाला, मग पुन्हा छोटे घोट घ्या. उलटी झाली आणि औषध पोटात ठरेचना, तर हॉस्पिटलला फोन करा.

अशा वेळी मन कुठे ठेवायचं? उद्याचा विचार करायचाच नाही. मी कागदावर ग्लासांच्या चौकटी आखते, ग्लास रिकामा झाला की चौकटीवर फुली मारते आणि नजर फक्त पुढच्या चौकटीवर ठेवते. प्रत्येक ग्लासाला पंधरा मिनिटं. मधल्या वेळात एखाद्या मैत्रिणीशी फोनवर बोलते. तिला आधीच सांगून ठेवते, की आज आजाराबद्दल चकार शब्द काढायचा नाही. यूट्यूबवर तपासणीचे व्हिडिओ त्या रात्री पाहू नका. घरच्यांनीही दर पाच मिनिटांनी ‘झालं का?’ विचारू नये. एकच माणूस जवळ असावं आणि तेही शांत.

सगळं औषध एकाच रात्री संपवण्याचा हट्ट करू नका. अर्धं संध्याकाळी आणि अर्धं पहाटे घेतलं तर पोट जास्त चांगलं साफ होतं आणि जीवही कमी मेटाकुटीला येतो. शेवटचा घोट तपासणीच्या किमान दोन तास आधी संपलेला हवा. हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर वेळ वेगळी असेल तर तीच पाळा. शेवटी बाहेर पडणारं पाणी लिंबू सरबतासारखं पिवळसर आणि आरपार दिसणारं असलं की काम झालं. अजून गढूळ किंवा तपकिरी असेल तर पोचल्यावर नर्सला सांगा, लपवू नका.

टेबलावर

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. गुंगी चांगली असेल तर पुढचं बहुतेकांना आठवतही नाही. हलकी असेल तर हे लक्षात ठेवा: आत हवा भरतात, त्यामुळे पोट फुगतं आणि संडासला लागल्यासारखं वाटतं. घाबरू नका, आतडं रिकामं आहे. वळणावर दुर्बीण अडते तेव्हा कळ येते. तेव्हा श्वास रोखायचा नाही, तोंडाने सावकाश बाहेर सोडायचा. नर्सने पोट दाबलं तर दाबू द्या, दुर्बीण पुढे जायला त्याने मदत होते.

आणखी एक गोष्ट करा. आतड्याच्या टोकाला पोचल्यावर ‘पोचलो’ म्हणा, अशी डॉक्टरांना विनंती करा. त्रास मुख्यतः आत जाताना होतो. बाहेर येताना डॉक्टर सावकाश बघत येतात, पण ते सोसायला पुष्कळ सोपं असतं. तो एक शब्द कानावर पडला की अंग सैल होतं.

शेवट चांगला होईल असं बघा

१९९६ साली डॉक्टर डॉनल्ड रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनी कोलोनोस्कोपी करून घेणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणी चालू असताना किती दुखतंय हे त्यांनी रुग्णांना दर मिनिटाला नोंदवायला लावलं आणि नंतर एकूण त्रास किती झाला ते विचारलं. तपासणी किती वेळ चालली याचा त्या आठवणीशी फारसा संबंध नव्हता. सर्वात वाईट क्षण कसा होता आणि शेवटची काही मिनिटं कशी गेली, यावर आठवण ठरत होती. ज्यांना ही तपासणी पुन्हा पुन्हा करायची आहे त्यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे. म्हणून ‘शेवटी घाई करू नका, हळूच बाहेर काढा’ असं आधीच सांगून ठेवा. पूर्ण जाग आल्याशिवाय उठू नका. पोटातली हवा लाज न बाळगता जाऊ द्या, दाबून धरली तर पोट दुखत राहतं. डॉक्टरांनी परवानगी दिली की मऊ भात, तूप, मीठ. माझ्या सासूबाई तो तयार ठेवतात.

जास्त रक्त जाणं, वाढत जाणारी पोटदुखी किंवा ताप, यातलं काही झालं तर तडक हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघत बसू नका.

बायोप्सी, म्हणजे तपासायला आतड्याचा बारीकसा तुकडा, घेतली असेल तर रिपोर्टला काही दिवस लागतात. तो हातात आला की त्यातले शब्द नेटवर शोधू नका, डॉक्टरांची वेळ घ्या. आणि त्याआधी, सगळं ताजं असतानाच, एका कागदावर लिहून ठेवा: गुंगीचं कोणतं औषध दिलं, किती कळलं, कितव्या ग्लासाला त्रास झाला, कशाने बरं वाटलं. तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावा आणि पुढच्या वेळी गुंगी देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.