एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका: घरच्या वायरिंगमधल्या या चुका टाळा

सोलापुरात पारा चाळिशीकडे सरकला की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि माझा फोन वाजू लागतो. "कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात, पण एमसीबी काही पडत नाही. म्हणजे धोका नाही ना?"

धोका आहे, आणि तो जिवाचा आहे. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, माणसासाठी नसतोच, तो तारेसाठी असतो. जादा लोड आला किंवा शॉर्ट झालं की तार पेटण्याआधी पडायचं, एवढंच त्याचं काम. 16 अँपिअरच्या एमसीबीला 1 अँपिअर म्हणजे काहीच नाही. माणसाच्या छातीतून मात्र 30 मिलिअँपिअरच्या पुढचा करंट गेला तरी जिवावर बेतू शकतं. 16 अँपिअर आणि 30 मिलिअँपिअर यांत पाचशे पटींहून जास्त अंतर!

माणसाला वाचवतो तो बोर्डात बसणारा दुसरा खटका, आरसीसीबी. फेजच्या तारेतून गेलेला आणि न्यूट्रलच्या तारेतून परत आलेला करंट तो सतत ताडून पाहतो. 30 मिलिअँपिअर कुठे बाहेर गळला की लगेच लाइन तोडतो. घरासाठी 30 चाच घ्या. 300 चा आग टाळायला असतो, माणसाला वाचवायला नाही. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून काढून थेट जोडणी करून घेणारे लोक भेटतात, तेव्हा पोटात गोळा येतो. अहो, तो पडतोय म्हणजे कुठेतरी करंट गळतोय! घरातले सगळे प्लग उपसा, आरसीसीबी वर करा, मग एकेक वस्तू लावत जा. जिच्यावर पडेल तीच दोषी. बहुतेक वेळा कूलरचा पंप किंवा गिझरची कॉइल निघते. प्लग न काढता नुसते एमसीबी खाली करून भागत नाही, कारण साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो.

अर्थिंगची तिसरी पिन मोडून दोन पिनांवर कूलर चालवू नका. काही जण अर्थिंग नाही म्हणून प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधतात. हे त्याहून वाईट. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर कूलरच्या अख्ख्या पत्र्यात फेज उतरतो. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरड्या मातीत अर्थिंग नीट लागत नाही, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. आणि कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, घरात आरसीसीबी असला तरी.

जुन्या घरांत, यंत्रमागाच्या शेडमध्ये अजून किटकॅट फ्यूज, म्हणजे तार बांधायचे चिनी मातीचे फ्यूज आहेत. तिथे जाड तांब्याची तार गुंडाळली की फ्यूज उडायचा थांबतो, पण मग भिंतीतली वायर जळते.

बटण बंद, तरी बल्बच्या होल्डरवर टेस्टर पेटतो? बहुधा बटण न्यूट्रलवर घेतलंय. वायरमनला सांगून फेजवर घ्या.

पंखा गुणगुणतो, हाताने ढकलला की फिरतो, तर मोटर जळाली समजून वाइंडिंगला टाकू नका. बहुतेक वेळा कंडेन्सर (कपॅसिटर) कमजोर झालेला असतो. पंखा सुरू होताना लागणारा धक्का तोच देतो. त्यावर 2.5 मायक्रोफॅरड लिहिलं असेल तर तेवढाच बसवा. जास्त वेगाच्या आशेने मोठा घातला की वाइंडिंग तापतं, आणि मग मोटर खरंच जळते.