केदारनाथची पायी यात्रा: बेत कसा आखावा

केदारनाथ यात्रेच्या परतीचे विमान दर्शनाच्या दुसऱ्या दिवशीचे काढू नका. हृषीकेश ते सोनप्रयाग (खाजगी गाडी इथपर्यंतच जाते) हे अंतर सुमारे 210 किलोमीटर. त्याला एरवी आठ ते दहा तास लागतात, आणि दरड कोसळली तर काही सांगता येत नाही. डोंगरी रस्त्यावर रात्री यात्रेच्या गाड्या सोडत नाहीत, त्यामुळे झालेला उशीर रात्रभर गाडी हाकून भरून निघत नाही. घाईच्या तिकिटामुळे लोक भर पावसात चढतात, डोके दुखत असताना पुढे रेटतात. हे टाळायला एक दिवस मोकळा हवाच.

बेत सहा दिवसांचा धरा. पहिल्या दिवशी हरिद्वार किंवा देहरादूनहून हृषीकेश. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून देवप्रयाग, (गढवालचे) श्रीनगर, रुद्रप्रयाग मार्गे गुप्तकाशी, फाटा किंवा सीतापूर. तिसऱ्या दिवशी चढ आणि वरच मुक्काम, चौथ्या दिवशी दर्शन आणि उतार. पाचवा राखीव, सहावा परतीचा. राखीव दिवस उरलाच तर गुप्तकाशीच्या समोरच्या डोंगरावर उखीमठ आहे. हिवाळ्यात केदारनाथाची पूजा तिथल्या ओंकारेश्वर मंदिरात होते.

कधी जावे

कपाट, म्हणजे मंदिराचे दार, उघडण्याची तारीख महाशिवरात्रीला उखीमठात जाहीर होते. ती साधारण एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीची असते. बंद होते भाऊबीजेला. मुलांच्या सुट्टीमुळे आपल्याकडची बहुतेक कुटुंबे मेमध्ये जातात, आणि नेमकी तेव्हाच सगळ्या देशाची गर्दी तिथे असते. जमत असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य धरा. पाऊस ओसरलेला असतो, डोंगर स्वच्छ दिसतात, थंडी मात्र जास्त.

श्रावणातल्या सोमवारचा मोह टाळा. उत्तरेतला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी, आपल्या आषाढ वद्य प्रतिपदेला सुरू होतो. त्या दिवसांत हरिद्वारला कावडयात्रेची गर्दी असते आणि वाहतूक वळवलेली असते. वर डोंगरात दरडींचा हंगाम. 31 जुलै 2024 च्या अतिवृष्टीत लिंचोली-भीमबली भागातली वाट तुटली आणि हजारो यात्रेकरू अडकले होते.

नोंदणी

यात्रा नोंदणी सक्तीची आहे. उत्तराखंड सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर ती विनामूल्य होते, दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. क्यूआर कोडची छापील प्रत आणि मूळ आधार कार्ड जवळ ठेवा. हेलिकॉप्टरची तिकिटे आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच काढा. व्हॉट्सॅपवर "शेवटच्या चार सीट" विकणारे बहुतेक ठग असतात.

सराव आणि सामान

पायी वाट सुरू होते ते गौरीकुंड 2000 मीटरच्या जरा खाली, मंदिर 3583 मीटरवर. म्हणजे 16 किलोमीटरमध्ये सुमारे 1600 मीटर चढ. सिंहगड आतकरवाडीतून साधारण 600 मीटर भरतो, त्यावरून अंदाज घ्या. दोन महिने आधी रोज पाऊण तास भरभर चालणे आणि आठवड्यातून एकदा पाठीवर पाच किलो घेऊन गड किंवा टेकडी, एवढा सराव पुरे. उतरण्याचाही सराव करा. गुडघे तिथे बोलतात.

बूट निदान महिनाभर वापरलेले हवेत. जीन्स नको: भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. सुती बनियनही घामाने ओले राहते आणि थांबलात की गारठवते. लवकर वाळणारा शर्ट, त्यावर फ्लीस (मऊ उबदार जाकीट), वर रेनकोट-पँटचा जोड. सोनप्रयागला मिळणारे पातळ प्लास्टिकचे रेनकोट वाऱ्यात फाटतात. कानटोपी, हातमोजे, मोज्यांचे दोन जादा जोड, टॉर्च, ओआरएस, नेहमीची औषधे, लिटरभराची बाटली, राजगिऱ्याचे लाडू किंवा चिक्की. रोकड सोबत ठेवा, वर नेटवर्क गेले की यूपीआयही गेले. बाकीचे सामान खालच्या हॉटेलात ठेवून पाठीवर पाच-सहा किलोच न्या.

चढ

खाजगी गाडी सोनप्रयागपर्यंतच. तिथून गौरीकुंडाचे पाच किलोमीटर स्थानिक जीपने, आणि गर्दीच्या दिवसांत त्या रांगेतच दोन तास जातात. म्हणून पहाटे चारला रांगेत उभे राहा आणि सहाच्या आत चालायला लागा. दुपारी निघणाऱ्यांना दोन गोष्टी नडतात: डोंगरात पाऊस बहुधा दुपारनंतरच येतो, आणि वाट सर्वांत दमवते तेव्हा अंधार पडतो. उशिरा आलेल्यांना पोलीसही वर सोडत नाहीत.

जंगलचट्टी (सुमारे चार किलोमीटर) आणि भीमबलीपर्यंत चढ सोसवतो, आणि लोक इथेच जोर लावून दम घालवतात. 2013 च्या प्रलयात वाटेवरचे रामबाडा वाहून गेले. त्यानंतरची वाट तिथे मंदाकिनी नदी ओलांडून समोरच्या अंगाने लिंचोलीला चढते. पूल ओलांडल्यावरचा हा टप्पा सर्वांत खडा. बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे असे समजा. मंदिराच्या अलीकडच्या बेस कॅम्पनंतर वाट बरीच सपाट होते. एकूण सहा ते दहा तास धरा. ज्येष्ठांनी लिंचोलीलाच मुक्काम करावा.

खेचरे येताना दिसली की डोंगराच्या बाजूला सरा, दरीच्या बाजूला कधीच नको. लादलेल्या खोगिराचा एक धक्का पुरतो. लीद आणि पावसाने फरश्या निसरड्या होतात, काठी घ्याच. घोडा, डंडी (माणसांनी खांद्यावरून न्यायची पालखी) किंवा कंडी (पाठीवरची टोपली) करायची तर सरकारी काउंटरवरच पावती फाडा आणि घोडेवाल्याचा नोंदणी क्रमांक पाहून ठेवा.

विरळ हवा

मंदिरापाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे ही पहिली लक्षणे. ती दिसली की आणखी वर चढू नका, पाणी प्या, विश्रांती घ्या. झोकांड्या जाऊ लागल्या, बरळणे सुरू झाले किंवा बसल्या जागीही धाप लागली तर सकाळची वाट न पाहता त्या माणसाला खाली आणायचे. वाटेत वैद्यकीय मदत केंद्रे आहेत. कापराच्या पुडीने ऑक्सिजन मिळत नाही, नुसते नाक मोकळे वाटते. ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो आणि खोटा धीर देऊन जातो. झोपेच्या गोळ्या आणि दारू पूर्ण बंद. अ‍ॅसिटाझोलामाइड ही उंचीचा त्रास टाळण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

आजी-आजोबांसाठी हेलिकॉप्टर सुरक्षित, असा समज आहे. चालण्याचे कष्ट वाचतात हे खरे. पण फाटा किंवा सेरसीहून काही मिनिटांत साडेतीन हजार मीटरवर पोचलेल्या शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी उडण्याआधीही तपासणी करून घ्यावी.

दर्शन आणि उतार

स्पर्शदर्शन सकाळी, गर्दी फार झाली तर तेही बंद ठेवतात. दुपारी भोगासाठी (नैवेद्यासाठी) दार काही वेळ मिटते, संध्याकाळी शृंगारदर्शन दुरून. आत फोटो काढायला बंदी आहे. पहाटेची रांग धरली तर आठ-नऊपर्यंत उतरायला लागता येते. उताराला पाच-सहा तास लागतात. बुटांच्या नाड्या घट्ट बांधा, पावले लहान टाका, नाहीतर अंगठ्याचे नख काळे पडते. गौरीकुंडहून सोनप्रयागच्या जीपला संध्याकाळी पुन्हा मोठी रांग लागते, तेव्हा त्या रात्रीची खोली सीतापूर किंवा सोनप्रयागलाच आधी ठरवून ठेवा.