लेसरने घालवलेला नंबर किती वर्षं टिकतो, आणि टिकावा म्हणून काय करायचं

लेसरने कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेला, दिलेला आकार कायमचा असतो. एक्सायमर लेसरचा 193 नॅनोमीटरचा किरण प्रत्येक ठोक्याला साधारण पाव मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर उडवतो, आणि उडालेला थर परत उगवत नाही. (मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी 1981 मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत हा किरण प्राण्याच्या ऊतीवर पहिल्यांदा चालवून पाहिला. तो सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर! आजूबाजूला न भाजता चीर स्वच्छ पडली आणि पुढचा सगळा उद्योग त्यातून उभा राहिला.)

तरीही काहींना पाच-दहा वर्षांनी पुन्हा चष्मा लागतो. कारण लेसर फक्त कॉर्नियावर होतं. डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी, आतलं भिंग आणि पडदा आपापल्या वेळापत्रकाने बदलत राहतात. म्हणून ‘किती वर्षं टिकेल’ या प्रश्नाचं उत्तर कॉर्नियासाठी वेगळं आणि उरलेल्या डोळ्यासाठी वेगळं आहे. मायनस पाच-सहापर्यंतचा नंबर योग्य वयात, योग्य डोळ्यावर घालवला असेल, तर दूरची नजर चाळिशीच्या पुढेही बहुतेकांची चांगली राहते. दहा वर्षांत अर्ध्या-पाऊण नंबराचा फरक पडला तर तो बिघाड मानू नये. मोठा मायनस, मोठा सिलिंड्रिकल आणि प्लस नंबर यांत मात्र परत येण्याचं प्रमाण जास्त असतं.

करण्याआधी: टिकणं इथेच ठरतं

नंबर थांबला आहे का, हे आधी पाहा. किमान एक वर्षाच्या अंतराचे दोन कागद समोर ठेवा. फरक अर्ध्या नंबरापेक्षा जास्त असेल तर थांबा. नियमाने 18 पूर्ण लागतात, पण 21 आधी घाई करण्यात अर्थ नाही. मोठा नंबर असलेल्या आणि दिवसभर पुस्तक-स्क्रीनसमोर असणाऱ्या मुलामुलींचा नंबर 24-25 पर्यंतही सरकत राहतो. लग्न ठरलंय, परीक्षेची मेडिकल आहे म्हणून घाईने केलेलं लेसर पुढे ‘परत नंबर आला’ म्हणून ऐकू येतं. खरं तर नंबर परत येत नाही, तो वाढायचा थांबलेलाच नसतो.

तपासणी बाहुली मोठी करणारे थेंब घालूनही करून घ्या. जवळचं काम सतत करणाऱ्यांच्या डोळ्याचे स्नायू आवळलेले राहतात आणि मायनस आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. तोच आकडा मशीनमध्ये भरला तर डोळा प्लसमध्ये जातो.

कॉन्टॅक्ट लेन्स कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतात. मऊ लेन्स तपासणीआधी दोन आठवडे बंद ठेवा आणि कडक लेन्स किमान चार आठवडे. ‘तीन दिवस काढल्या तरी चालतील’ असं कुणी सांगितलं तरी मानू नका.

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर व कोरडेपणा दोन्ही हलतात. पाजणं थांबल्यावर तीनेक महिन्यांनी तपासणी करावी. मधुमेहात साखर वरखाली होत असेल तर आधी ती सलग काही महिने स्थिर आणा, कारण वाढलेल्या साखरेने भिंग फुगतं आणि नंबर आठवड्यागणिक फिरतो.

यानंतर जाडीचा हिशोब. हा डॉक्टर करतातच, पण तो स्वतःला कळला पाहिजे. लेसरचा गोल किती मिलिमीटरचा आहे, त्याचा वर्ग करा, तीनने भागा. एका नंबरामागे साधारण तेवढे मायक्रॉन जातात. 6.5 मिलिमीटरच्या गोलासाठी हा आकडा 14 येतो. आता कॉर्निया 530 मायक्रॉन आणि नंबर मायनस 5 धरा. लेसरने 70 जातील आणि लॅसिकमध्ये वरचा फ्लॅप (लेसर मारण्याआधी झाकणासारखा उचलायचा कॉर्नियाचा पातळ पापुद्रा) 110 चा असेल. 530 मधून 180 वजा जाता खाली 350 उरतात, आणि एकूण जाडीच्या 34 टक्के भागाला हात लागला. ठीक आहे.

त्याच डोळ्याचा नंबर मायनस 9 असता तर लेसरने 126 जातील आणि 294 उरतील. किमान 250 उरावेत या जुन्या नियमात हे बसतं, पण 44 टक्क्यांहून जास्त कॉर्निया वापरला गेला. 40 टक्क्यांच्या पुढे कॉर्निया सैल पडून पुढे फुगण्याचा धोका वाढतो. प्रत्यक्षात मशीननुसार या गणितापेक्षा थोडा जास्तच थर जातो. अशा डोळ्यासाठी आत बसवायची भिंगं, म्हणजे आयसीएल, हा पर्याय विचारा. ‘आमचं मशीन नवीन आहे’ हे जाडीच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, पुढच्या आणि मागच्या दोन्ही पृष्ठभागांचा हवा. केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया सैल पडून शंकूसारखा पुढे फुगण्याच्या आजाराची, सुरुवात मागच्या बाजूला आधी दिसते, तेव्हा नजर अगदी सहाला सहा असते. घरात कुणाला केराटोकोनस आहे का, ॲलर्जीने डोळे खाजतात का, चोळायची सवय आहे का, हे विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा. डोळे चोळणाऱ्याने आधी ॲलर्जीचा उपचार करून सवय मोडावी, मग लेसरचं पाहावं.

प्रकार निवडताना खेळ आणि काम सांगा. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग खेळणाऱ्याच्या डोळ्यात बोट किंवा कोपर कधीही लागू शकतो. लॅसिकचा फ्लॅप मूळच्या ताकदीने कधीच जुळत नाही आणि जोराच्या माराने तो वर्षांनंतरही सरकू शकतो. तिथे फ्लॅप नसलेलं पीआरके (वरची नाजूक त्वचा काढून थेट कॉर्नियावर लेसर) किंवा स्माइल (बारीक छेदातून कॉर्नियाच्या आतला पातळ तुकडा काढणं) बरं. सैन्य किंवा पोलीस भरतीसाठी करत असाल तर त्या वर्षाच्या जाहिरातीतली लेसरची अट आधी वाचा. वय, शस्त्रक्रियेनंतरचा काळ, डोळ्याची लांबी, उरलेली जाडी यांवर विभागागणिक वेगळ्या अटी असतात.

पहिले सहा महिने

लेसरनंतर कॉर्नियाच्या वरची नाजूक त्वचा, जी मुळात 50 मायक्रॉनच्या आसपास असते, तयार झालेला सपाट खळगा भरून काढायला बघते. मधोमध ती काही मायक्रॉन जाड होते आणि नंबराचा थोडा भाग परत येतो. हे मुख्यतः पहिल्या तीन ते सहा महिन्यांत घडतं. नंबर जितका मोठा तितका खळगा मोठा आणि भरावही जास्त. प्लस नंबरात लेसर कडेने कड्यासारखं फिरतं, ते कडं ही त्वचा जास्त भरते, म्हणून प्लस कमी टिकतो.

या काळात थेंब सांगितल्याप्रमाणे घाला. लॅसिकनंतर स्टिरॉइडचे थेंब आठवडा-दोन आठवडे असतात. पीआरकेमध्ये ते हळूहळू कमी करत काही आठवडे ते तीन महिने चालतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडले तर धुरकटपणा येऊन नंबर परतू शकतो. उलट स्वतःच्या मनाने चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढतो. दोन्ही वाईट. पीआरकेनंतर काही महिने उन्हात गॉगल लावा, अतिनील किरणांनी धुरकटपणा वाढतो.

अश्रूंसारखे थेंब, शक्यतो प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, तीन ते सहा महिने वापरावे लागतात. कॉर्नियाच्या नसा कापल्या गेल्याने डोळा कोरडा पडतो. पहिल्या तीन महिन्यांत हा त्रास सर्वात जास्त, मग तो हळूहळू ओसरतो. पहिला आठवडा झोपताना प्लॅस्टिकचं कवच लावा, डोळ्यावर साधं पाणी मारू नका, काजळ दोन आठवडे आणि पोहणं महिनाभर बंद. होळी जवळ असेल तर तारीखच पुढे ढकला.

सहाव्या महिन्याचा नंबर कागदावर घ्या. पुढची सगळी तुलना त्याच्याशी होते.

नजर पुन्हा धूसर झाली तर: कारण कुठे आहे ते शोधा

दुकानात जाऊन नवा चष्मा करण्याआधी किंवा दुसऱ्यांदा लेसर मागण्याआधी हा क्रम पाळा.

पहिल्यांदा पापण्या मिटून-उघडून बघा. क्षणभर स्वच्छ दिसून परत धूसर होत असेल, सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट असेल, तर तो बहुधा कोरडेपणा आहे. महिनाभर थेंब आणि पापण्यांचा गरम शेक घेऊन मगच नंबर तपासा. कोरड्या डोळ्यावर काढलेला नंबर खोटा असू शकतो.

साखर तपासून घ्या, विशेषतः नंबर अचानक बदलला असेल तर.

मग दोन मोजमापं जुन्या आकड्यांशी ताडा: डोळ्याची लांबी आणि टोपोग्राफी. लांबी वाढली असेल तर मूळचा दोष पुढे सरकला आहे. एक मिलिमीटर लांबी म्हणजे साधारण अडीच नंबर. यात लेसरचा दोष नाही. लांबी तीच आणि कॉर्नियाचा मध्य थोडा, सारखा, उंचावला असेल तर तो वरच्या त्वचेचा भराव. लांबी तीच, पण नकाशात खालच्या बाजूला उंचवटा, सिलिंड्रिकल वाढतोय, अक्षरांना सावली पडतेय, त्यातही एकाच डोळ्यात जास्त, तर तो कॉर्निया फुगल्याचा इशारा आहे. इथे दुसरं लेसर अजिबात नको. रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील प्रकाश वापरून क्रॉसलिंकिंग करून तो थांबवावा लागतो, आणि जितकं लवकर तितकं चांगलं.

दोन्ही जुन्यासारखीच असतील तर बदल भिंगात आहे. पन्नाशी-साठीनंतर मायनस हळूहळू वाढू लागला, जवळचं चष्म्याशिवाय वाचता येऊ लागलं, तर ती बहुतेक मोतीबिंदूची सुरुवात असते. आजीचा वाचायचा चष्मा सुटला म्हणून घरात कौतुक होतं, त्यामागेही बहुधा हेच असतं.

फरक अर्ध्या नंबराचा असेल तर माझं मत सरळ आहे: रात्रीच्या गाडीसाठी एक हलका चष्मा करा आणि सोडून द्या. पाऊण-एकच्या पुढे असेल आणि त्रास होत असेल, तर सहा महिन्यांच्या आत पुन्हा लेसर करू नका. दोन भेटींतला आकडा जुळला पाहिजे आणि उरलेली जाडी पुन्हा मोजली पाहिजे. लॅसिक होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील तर फ्लॅप उचलून काम होतं. त्याहून जुना फ्लॅप उचलला तर त्याखाली वरची त्वचा शिरण्याचा धोका वाढतो, म्हणून त्यावर पीआरके करणं अनेक सर्जन पसंत करतात. स्माइलनंतरही बहुधा पीआरकेच. ‘आयुष्यभर मोफत दुरुस्ती’ असलेल्या पॅकेजमध्ये दरवर्षी त्यांच्याकडेच तपासणीची अट आहे का आणि जाडी न पुरल्यास काय, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या.

चाळिशी

लेसर केलं म्हणून चाळिशी चुकत नाही. भिंग ताठर होत जातं आणि 42-45 च्या सुमारास वाचायला प्लस लागतो, साठीपर्यंत तो अडीचच्या आसपास जातो. मायनस अडीच असलेला माणूस चष्मा काढून 40 सेंटिमीटरवरचं वर्तमानपत्र आरामात वाचतो. लेसरने ही सोय जाते. म्हणून 40 नंतर लेसर करताना एका डोळ्यात, सहसा कमी वापराच्या, मायनस सव्वा-दीड मुद्दाम ठेवण्याचा पर्याय असतो. तो आधी आठवडाभर कॉन्टॅक्ट लेन्स घालून अनुभवा. काहींना चटकन जमतो, तर काहींना जिना उतरताना खोलीचा अंदाज चुकतो.

जपून ठेवायची फाइल

मूळ नंबर, कॉर्नियाच्या वक्रतेचे आकडे, जाडी, टोपोग्राफी, डोळ्याची लांबी, किती मायक्रॉन गेले व फ्लॅप किती जाड ही मशीनची छापील नोंद, आणि सहाव्या महिन्याचा नंबर. सगळ्याचे फोटो काढून स्वतःला ईमेल करा. मोतीबिंदूची वेळ पंचवीस-तीस वर्षांनी येते, तोवर दवाखान्यात कागद राहतीलच असं नाही. मायनसचं लेसर झालेल्या डोळ्यात बसवायच्या भिंगाची ताकद नेहमीच्या सूत्राने काढली तर ती कमी निघते आणि माणूस प्लसमध्ये जातो. वेगळी सूत्रं आहेत, पण ती वापरायची हे डॉक्टरांना तुम्ही सांगितलं तर कळेल.

काचबिंदूच्या तपासणीतही तसंच. कॉर्निया पातळ झाल्याने दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो. मायनसवाल्यांना काचबिंदूचा धोका मुळातच थोडा जास्त, त्यात आकडा खोटा दिलासा देतो. दर तपासणीला ‘लेसर झालंय’ हे पहिलं वाक्य असू द्या.

आणि पडदा. मायनस 8 चा डोळा लेसरनंतरही लांबीने मायनस 8 चाच राहतो, पडद्याला पडलेला ताण तसाच. वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासा. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने सावली सरकत आली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात जा.